रादोची गाडी पांढरी करताना

१२ एप्रिल, शुक्रवार

ही दुकानाची गेल्या वर्षीची वही. गिऱ्हाइकांच्या वेळा टिपायला घेतली होती, निम्मी कोरीच राहिली. आमच्या एल्होवो गावात केस रंगवायला बायका उरल्यात कुठे? तरुण सगळ्या स्पेनला, आणि म्हाताऱ्या महिन्यातून एकदा येतात, त्याही केसांपेक्षा गप्पा मारायला.

आज स्पेनहून रादोचा फोन आला. सण नाही, माझा वाढदिवस नाही, आणि पोराचा फोन! माझा हात असा दचकला की खुर्चीतल्या दोच्काच्या कानावर रंग लागला. ओरडली बाई. ओरडू दे.

"आई, माझी मोटरसायकल आहे ना अजून?"

म्हटलं, "नाही, खाल्ली मी."

हसला. किती महिन्यांनी माझ्याशी हसला. म्हणाला, "जरा स्वच्छ करून ठेव ना. कांचोदादांना विचार, ते सांगतील. एकवीस मेपर्यंत चांगली दिसायला हवी."

मी विचारलं, "येतोयस?" तेवढ्यात तिकडून त्याच्या लाउराने हाक मारली. "नंतर बोलतो आई," म्हणून ठेवला.

म्हणजे येतोय. सात वर्षं होतील ऑक्टोबरात. दर उन्हाळ्यात "बघू" म्हणायचा, तारीख कधी दिली नव्हती. या वेळी तारीख दिलीय. दोच्काला सांगितलं तर म्हणते, "तो येतो असं म्हणाला का?" काही माणसांना दुसऱ्याचा आनंद बघवतच नाही.

१४ एप्रिल, रविवार

द्राक्षाच्या मांडवाखालचं कापड काढलं. काढलं काय, हातात चिंध्याच आल्या. सहा उन्हाळ्यांत त्याचा जीव गेलेला.

गाडी बघून माझाही जीव अर्धा झाला. एकोणीस वर्षांचा असताना रादोने घेतली होती, दोन वर्षं फळांच्या ट्रकवर राबून. जपानी, पांढरी, लाल पट्ट्यांची. अंगणात आणली तेव्हा एवढी पांढरी होती की मी म्हटलं, हिच्यावर बसताना पायपुसण्याला पाय पुसत जा. आता बाजूचे पांढरे भाग म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळे. काळी मडगार्डं राखाडी. आरसे धुरकट.

हँडलला माझ्या सात मार्तेनित्सा, लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या. एक मार्चला सगळे मनगटाला बांधतात, बहरलेलं झाड दिसलं की फांदीला अडकवतात. रादोचं मनगट इथे नाही, म्हणून दर वर्षी कापडाखाली हात घालून त्याच्या वाटणीची हँडलला बांधते. यंदाची तेवढी लाल आहे. बाकीच्यांत लाल कुठलं नि पांढरं कुठलं, कळत नाही.

साबण, ब्रश, चार बादल्या पाणी. घाण गेली. पिवळेपणा जागच्या जागी.

१६ एप्रिल

मडगार्डांना सूर्यफुलाचं तेल चोळलं. काय काळी झाली! मी स्वतःवरच खूश. दुपारी वारा सुटला आणि सगळ्या गल्लीची धूळ येऊन चिकटली.

कुंपणापलीकडून कांचोदादा बघत होता. आयुष्यभर सहकारी शेतीतले ट्रॅक्टर दुरुस्त केले याने, आणि तेवढंच आयुष्यभर दुसऱ्याला हसला.

"झ्लातके, तळायचीय का गाडी?"

"तुला येतं ना सगळं? मग ये आणि कर."

आला. तेल पुसायला लावलं, पुन्हा साबणाने धुवायला लावलं, मग घरून रंग खरवडायची गरम हवेची बंदूक घेऊन आला. म्हणाला, उन्हाने वरवरचं मेलंय, आतलं तेल शाबूत आहे, ते गरम करून वर आणायचं. हात एका जागी थांबवायचा नाही. आणि खरंच, त्याच्या हाताखाली राखाडी प्लास्टिक ओलं झाल्यासारखं काळं होत गेलं. मी आपली तोंडावर हात ठेवून बघतेय.

मग मला दिली. मी तीस वर्षं ड्रायर धरलेली बाई, मला काय शिकवतोस म्हटलं, आणि मागच्या मडगार्डाचा कोपरा भाजला. चांगला अंगठ्याएवढा, चकचकीत, मऊ झाला. रडूच आलं मला.

कांचोदादा म्हणाला, "जाऊ दे गं. घेणारा काही मागून वाकून बघत नाही."

"कोण घेणारा?"

"चालवणारा म्हणतोय मी. चालवणारा." आणि बंदूक माझ्या हातून ओढून घेतली. वय झालंय, शब्द सापडत नाहीत.

२० एप्रिल, शनिवार

एका गिऱ्हाइकाच्या केसांच्या मुळांना क्रीम लावताना सुचलं. ही पिवळ्याचं पांढरं करणारी क्रीमच ना? मग केस काय आणि प्लास्टिक काय! कपाटात बारा टक्के पेरॉक्साइडच्या सहा बाटल्या पडून आहेत, एवढी कडक आता कुणाला सोसत नाही.

कांचोदादाला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "जुन्या टीव्हीच्या खोक्याला करतात असं ऐकलंय. पण ऊन लागतं. लावायचं आणि उन्हात ठेवायचं."

उन्हानेच पिवळं झालं, आणि आता उन्हानेच पांढरं व्हायचं! असो. ऊन आमच्याकडे भरपूर आहे.

२२ एप्रिल, सोमवार

दुकान बंद. कांचोदादाने बाजूचे भाग सोडवून दिले. मी हातमोजे घालून ब्रशने क्रीम लावली, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळलं, अंगणात खुर्च्यांवर उन्हात मांडलं. मरतुकडी गिऱ्हाइकं रांगेने बसवावीत तसे दिसत होते. मी त्यांच्याशी बोललेही, सवयीने. "मान सरळ ठेवा, अजून अर्धा तास."

जेवायला आत गेले आणि एका भागाची फिल्म सुटून क्रीम वाळली. तिथे ढगांसारखे डाग पडले. दुसऱ्यावरचा लाल पट्टा फिका गुलाबी झाला. बायकांच्या कपाळाला रंग लागू नये म्हणून व्हॅसलीन फासते मी, तीस वर्षं फासतेय, आणि आपल्याच पोराच्या गाडीच्या पट्ट्याला फासायची विसरले. कपाळ बडवून घेतलं.

पण तिसरा भाग! संध्याकाळी धुतला, पुसला, उजेडात धरला. पहिल्या दिवशी अंगणात आला होता तेवढा पांढरा.

२८ एप्रिल, ईस्टर

मधले दिवस सगळे त्यातच. डागवाला भाग पुन्हा केला, दर अर्ध्या तासाला क्रीम ओली करत, अंगणात ठाण मांडून. डाग गेले. गुलाबी पट्टा मात्र गुलाबीच.

लाल अंडी रंगवली. दोनच. कांचोदादाने आपलं अंडं माझ्या अंड्यावर आपटलं, माझं फुटलं. ज्याचं टिकतं त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणे.

रादोने व्हिडिओवर फोन केला. मी फोन घेऊन गाडीभोवती आणि खुर्च्यांवरच्या भागांभोवती फिरले. त्याने एकेक भाग जवळून दाखवायला लावला. मग म्हणाला, "आई, हे तू केलंस?"

"मग काय तुझ्या बापाने वरून येऊन केलं?"

"नवी दिसतेय गं."  मग म्हणाला, नीट फोटो काढून पाठव, नंबरप्लेट दिसू देऊ नकोस. बरोबरच आहे, नजर लागते. स्पेनमध्ये राहूनही पोरगं विसरलं नाही. किलोमीटरच्या आकड्याचाही फोटो हवा म्हणाला, आणि कागदपत्रं कुठे आहेत ते विचारलं. मग म्हणतो, "आणि हँडलचे ते दोरे काढ. फोटोत कचरा दिसतो."

मी म्हटलं, "कचरा नाही तो. तुझ्या मार्तेनित्सा आहेत. सात."

तो उठून खिडकी लावून आला. 

मागून लाउरा गेली, तोंडावर रुमाल धरून. तिला म्हणे हल्ली कॉफीचा वास सहन होत नाही. स्पेनमध्ये जन्मलेली बाई आणि कॉफी नको! नखरे आहेत. सांगितलं, पुदिन्याचा चहा दे.

शेवटी विचारलं, "तुझ्या खोलीला पांढरा देऊ की निळा?"

"कुठल्या खोलीला?"

"तुझ्या खोलीला रे, गाढवा."

"तुला आवडेल तो दे, आई."

निळा देते. लहानपणी निळा मागत होता, तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

३ मे

दुपारपासून एक गिऱ्हाईक नाही. बसल्या बसल्या लिहून टाकते. कुणाला सांगितलेलं नाही, कांचोदादालाही नाही.

रादो गेला त्या सकाळी मी तांब्याची कळशी भरून उंबऱ्यात उभी होते. घरातलं माणूस लांब निघालं की त्याच्यामागे पाणी ओततो आपण, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. सासरी निघाले तेव्हा आईने माझ्यामागे ओतलं. रादो पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा मी त्याच्यामागे ओतलं, त्याचे मोजेही भिजवले.

त्या दिवशी ओतलं नाही. आदल्या दिवशी भांडलो होतो. गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं म्हणाले होते मी. सकाळी राग गेला होता, कळशी भरलीही होती. मग त्याची ती भली मोठी बॅग दिसली, आणि मनात आलं, ओतलं तर हा सरळ जाईल आणि तिकडचाच होईल. अडखळू दे जरा. दोन महिन्यांत परत येईल. कळशी दाराआड ठेवली. तो फाटकातून बाहेर पडला, समोरच्या बेकरीपाशी क्षणभर थांबला आणि गेला. मागे वळलाही नाही. तेवढंच बरं झालं, त्याला दिसलं तरी नाही.

मग त्याचं पहिलं काम सुटलं. मग पाकीट चोरीला गेलं. मग संत्र्यांच्या गोदामात हात मोडला. दर वेळी फोन ठेवला की ती कळशी माझ्या डोळ्यासमोर यायची. आईच असं करते का कधी? मी केलं.

आता येतोय ना, या वेळी विचारेन, राग आहे का अजून. जमलं तर माफी मागेन. मला जमत नाही ते, पण मागेन.

६ मे, गेर्ग्योव्हदेन

काल सगळे भाग बसवून फोटो पाठवले, सतरा. मार्तेनित्सा तेवढ्यापुरत्या सोडून खिशात ठेवल्या होत्या, पुन्हा बांधल्या.

कांचोदादाकडे सणाचं कोकराचं जेवण. दोच्का म्हणाली, "झ्लातके, गाडी काय झकास झालीय! भाच्याने फोनवर दाखवली मला, मी म्हटलं हा तर आमच्या झ्लातकाचा मांडव..." आणि कांचोदादाने तिच्या ताटात एवढं मोठं हाड टाकलं की रस्सा उडाला तिच्या ब्लाउजवर.

"खा गं, थंड होतंय."

म्हणजे रादोने फोटो सगळीकडे लावलेत तर! मिरवतोय आईचं काम. मला इतकं बरं वाटलं की मी दोन ग्लास राकिया घेतली आणि नाचलेसुद्धा. कांचोदादा नाचला नाही. पाय दुखतात म्हणाला. जाताना दारात म्हणतो, "झ्लातके, माणसाने फार आशा लावून बसू नये." राकिया चढली की तो असाच रडका होतो.

१४ मे

पोस्टवाली सांगत होती, कांचोदादाला स्पेनहून जाड लिफाफा आलाय, सही घेऊन दिला. मी विचारलं तर म्हणतो, "औषधाचं काहीतरी." स्पेनहून औषध! पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस, दोघं मिळून काहीतरी शिजवतायत. मी काही विचारणार नाही.

खोली निळी झाली. पडदे धुतले.

२० मे, सोमवार

सगळं तयार. दिव्याची काच टूथपेस्टने घासली. भाजलेल्या कोपऱ्यावर कांचोदादाने बारीक सँडपेपर फिरवून दिला, ओळखूही येत नाही. इंजिनही सुरू करून दिलं त्याने. आवाज ऐकला आणि मला वाटलं, आत्ता रादो फाटकातून ओरडत येईल, आई, भूक लागली.

कांचोदादाने विचारलं, "तुझं रादोशी बोलणं झालं का नीट?"

"उद्या समोरासमोरच बोलू की."

टोपी काढून पुन्हा घातली त्याने, आणि गेला.

स्वतःचे केस रंगवले. बारा टक्क्यांची शेवटची बाटली गाडीच्या भागांना संपली होती, सहा टक्क्यांवर भागवलं.

२१ मे, मंगळवार

आजचं आजच लिहिते. नाहीतर उद्या मी मनातल्या मनात बदलून टाकेन सगळं.

सकाळी चीज भरून बानित्सा भाजली. अकरा वाजता फाटकाशी व्हॅन थांबली. धावत गेले. चाळिशीचा माणूस उतरला, स्लिव्हेनचा, वेन्को नाव सांगितलं.

"रादोस्लावची आई ना तुम्ही?"

म्हटलं, "हो, या या, तो मागून येतोय का?" आणि हात धरून आत आणलं, बानित्सा वाढली. मित्र असणार, विमानतळावरून घेऊन आला असणार. तो बिचारा खात खात माझ्याकडे बघतोय. मग म्हणाला, "ताई, मी गाडी न्यायला आलोय."

"कुठे न्यायला?"

त्याने फोन काढून दाखवला. माझेच फोटो. माझा मांडव, माझ्या खुर्च्या. खाली लिहिलेलं: एकाच मालकाची, प्लास्टिक नव्यासारखं. विकणे आहे.

तेवढ्यात कांचोदादा आला, बगलेत तो जाड लिफाफा. मुखत्यारपत्र. रादोच्या वतीने सही करायला. एप्रिलपासून माहीत होतं त्याला.

"मी त्याला म्हणत होतो, तिला सांग. रोज म्हणत होतो."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"तुझं तोंड बघितलं असतंस तू पांढरं होत जाणाऱ्या त्या प्लास्टिकपुढे, तर तूही नसतं सांगितलंस."

मी रादोला फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या म्हटलं, "आला का तो?" मग माझा श्वास ऐकला असेल, म्हणाला, "आई, सांगणार होतो."

"कधी? गाडी गेल्यावर?"

"घर घेतोय आम्ही इथे. आई, ऑक्टोबरात बाळ होणार आहे."

कॉफी. रुमाल. मी दोन पोरांची नाही तरी एकाची आई आहे, आणि मला कळलं नाही. पुदिन्याचा चहा सांगितला मी.

"एवढी मोठी गोष्ट, आणि मला सांगितली नाहीस?"

 मग म्हणाला, "मागच्या वेळी सांगितलं होतं ना, जातोय म्हणून. तू कळशी खाली ठेवलीस."

म्हटलं, "तू मागे वळला नव्हतास."

"बेकरीच्या काचेत दिसलं. तू भरलेली कळशी धरून उभी होतीस. मला वाटलं, आता ओतेल. थांबलो होतो मी तिथे, आई."

थांबला होता. सात वर्षं मी समजत होते की त्याला दिसलं नाही. तो पाण्यासाठी थांबला होता, आणि मी कळशी दाराआड ठेवत होते. हात मोडला तेव्हा त्यालाही तीच कळशी आठवली असेल का? विचारायचं धैर्य झालं नाही.

माफ कर म्हणाले मी. दोनदा म्हणाले. तो रडत होता. म्हणाला, "उन्हाळ्यात येऊ आम्ही, बाळाला घेऊन, पुढच्या..." आणि थांबला. येणं होणार नाही, हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

त्या दोघांनी गाडी व्हॅनमध्ये चढवली. मी हँडलच्या मार्तेनित्सा सोडवून घेतल्या. गुलाबी पट्ट्यावरून हात फिरवून वेन्कोला सांगितलं, "हे माझ्या चुकीने झालंय. त्याने वापरली नीट." तो म्हणाला, "ताई, एवढी जपलेली गाडी मी पाहिली नाही." कांचोदादा नोटरीकडे सही करायला त्याच्याशेजारी बसला, माझ्याकडे न बघता.

मी आत जाऊन कळशी भरली. तीच. रादोला व्हिडिओवर घेऊन फोन जिरॅनियमच्या कुंडीला टेकवून उभा केला, फाटक दिसेल असा.

"दिसतंय का रे?"

"दिसतंय."

व्हॅन सुरू झाली. मी उंबऱ्यातून अख्खी कळशी ओतली. पाणी फरशीवरून, पायरीवरून, फाटकाखालून रस्त्यापर्यंत गेलं.

"आई..." म्हणाला तो.

म्हटलं, "जा. मागे वळून बघायचं नसतं." आणि मीच फोन बंद केला.

२२ मे, बुधवार

सातही मार्तेनित्सा परसातल्या बिहीच्या फळझाडाला बांधल्या. बहर संपलाय, पण झाड तरी आहे.

मांडवाखाली फरशीवर गाडीच्या स्टँडचा खळगा आणि तेलाचा डाग. घासला नाही.

उजाडल्यापासून कांचोदादा कुंपणाशी दोनदा येऊन गेला. उद्या बोलेन त्याच्याशी. आज नाही.

सात वर्षं मी लोकांना सांगत होते, रादो गेलाय. गेला कुठे होता? बेकरीसमोर उभा होता. काल गेला.

साडेनऊला दोच्का येईल, केसांची मुळं रंगवायला. बाराची संपलीय, सहाचीच कालवून ठेवते.